सासरेबुवांचा डॅशबोर्ड

रविवारी सकाळी डॉक्टरांनी सासरेबुवांच्या गाडीचं दार जरा जोरात ओढलं आणि समोर 'टक्' असा आवाज झाला. हवेच्या जाळीपाशी केसाएवढी एक रेघ उमटली आणि बघताबघता डॅशबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. डॉक्टर तोंडाचा आ करून बघत राहिले.

एरवी त्यांच्यासमोर दुसरे लोक आ करत. डॉक्टर दातांचे होते. सासरेबुवा मुलाकडे राहायला जाताना गाडी जावयाच्या अंगणात लावून गेले होते आणि "झाकून ठेवा हं, ऊन फार वाईट" असं बजावूनही गेले होते. झाकण्याचं कापड घडी न मोडता डिकीत पडून होतं, आणि सासरेबुवा आज संध्याकाळी परत येणार होते.

गाडीचं एक वेळ निभावलं असतं. डॉक्टरांचं दुखणं वेगळंच होतं. अर्धं गाव त्यांच्या खुर्चीत बसून जाई, पण लग्नाला इतकी वर्षं होऊनही सासरेबुवांनी जावयाला एक दात दाखवला नव्हता. ते बाजारपेठेतल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जात. "तुमच्या हाताला नाव ठेवत नाही हो," ते म्हणत, "पण कसं आहे, दात म्हणजे नाजूक काम." हे वाक्य डॉक्टरांना जेवताना आठवलं की घास चावायचाच राहून जायचा. एक ना एक दिवस सासरेबुवा आपल्या खुर्चीत बसतील, ही आशा त्यांनी सोडली नव्हती. आता ही भेग बघितल्यावर कसले बसतात!

त्यांनी गॅरेजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "डॉक्टर, या गाडीचा डॅशबोर्ड आता निघतच नाही. कुठे मिळाला तर गाडीपेक्षा महाग पडेल."

"मी घरीच भरतो," डॉक्टरांनी बायकोला सांगितलं.

"काय भरता?"

"भेग. रोज काय करतो मी?"

"अहो, पण ती गाडी आहे!"

"भेग ती भेग. फुकटात काम होईल."

दवाखाना घरातच, पुढच्या खोलीत होता आणि गाडी बरोबर त्याच्या खिडकीखाली उभी होती. डॉक्टरांनी दात कोरायच्या मशीनची नळी खिडकीतून बाहेर ओढली. कपाटात दातांत भरायच्या सिमेंटच्या मुदत संपलेल्या ट्यूबा पडून होत्या. त्या माणसांना चालत नव्हत्या, पण डॅशबोर्ड काही तक्रार करणार नव्हता.

भेगेच्या कडा साफ केल्याशिवाय भरायचं नाही, हा डॉक्टरांचा शिरस्ता. त्यांनी मशीन सुरू केलं आणि सवयीने म्हणाले, "दुखलं तर डावा हात वर करा."

"कोणाला सांगताय?" बायकोने विचारलं.

मशीनच्या थरथरीने भेगेला फाटे फुटत होते. तेही साफ करावे लागले. केसाएवढ्या रेघेचा आता चांगला बोटभर रुंद चर झाला होता. मग मात्र भरल्यावाचून गत्यंतर नव्हतं. डॉक्टरांनी पहिला थर दिला.

"पांढरं?" बायको किंचाळली. "काळ्या डॅशबोर्डवर?"

"वरून काळा रंग मारू. तू चहा टाक."

चहा झाला, थोडा निवलाही, पण डॉक्टरांची हाक आली नाही. शेवटी बायको कप घेऊन बाहेर आली, गाडीत डोकावली, आणि कप तिच्या हातातच राहिला. डॅशबोर्डवर एका ओळीत दाढा उगवल्या होत्या.

"अहो, हे काय केलंत?"

डॉक्टरांनी मान वर केली, मग खाली बघितलं आणि तेच दचकले. "अरेच्चा! हे कधी झालं?"

"मला काय विचारता? सपाट करायचं होतं ना?"

"हाताला सवय नाही गं सपाटाची. सपाट दाढेनं चावणार कसं?"

"गाडीला काय चावायचंय?"

आता आपल्याला बोलणी बसणार म्हणून डॉक्टरांनी खांदे आवळून घेतले. पण बायको दुसऱ्या सीटवर येऊन बसली आणि वाकून बघू लागली. प्रत्येक दाढेला चार उंचवटे, त्यांच्यामधून नखाच्या टोकानेच कळाव्यात अशा बारीक खाचा, आणि कडेचा उतार तर असा, की खिडकीतून आलेलं ऊन त्यावरून अलगद घरंगळत होतं. तिने भीतभीत बोट फिरवलं.

"इतकं बारीक असतं तुमचं काम?"

"याहून बारीक. तोंडात एवढी जागा कुठे मिळते?"

"आणि हे कोणाला दिसतच नाही?"

"कसं दिसणार? माणूस तोंड मिटून घरी जातो."

तिला एकदम भरून आलं. इतकी वर्षं हा माणूस असं काहीतरी घडवत होता आणि ते लोकांच्या गालाआड नाहीसं होत होतं. तिला वाटायचं, नवरा दिवसभर भोकं बुजवतो.

इतक्यात शेजारच्या काकू अंगणात आल्या. त्यांनी गाडीच्या खिडकीतून डोकं आत घातलं आणि जीभ गालात फिरवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ही डावीकडची माझी आहे."

"तुमची कशी असेल काकू?"

"डोळ्यांनी कधी बघितली नाही मी. पण जिभेला रोज भेटते. हा उंचवटा, ही खाच. माझीच आहे."

डॉक्टरांनी ओशाळून मान हलवली. हात चालला तेव्हा परवा भरलेली काकूंची दाढ बोटांतच होती.

मग ते भानावर आले. "चला, घासून सपाट करतो. रंग सुकायला हवा."

बायकोने त्यांचं मनगट धरलं. "हात लावू नका याला."

"अगं, बाबा संध्याकाळी येतील!"

बाबा संध्याकाळी येणार नव्हते. ते फाटकातच उभे होते. एका हातात बॅग होती, दुसऱ्या हाताने गालावर रुमाल दाबलेला होता. "दाढेनं रात्रभर झोपू दिलं नाही," ते म्हणाले. "सकाळच्याच गाडीनं निघालो. अरे, माझ्या गाडीभोवती गर्दी कसली?"

डॉक्टर धडपडत गाडीतून बाहेर आले. पण तो सुजलेला गाल बघून, इतक्या भीतीतही, मनात आशेची एक पालवी फुटली.

सासरेबुवा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. समोर बघितलं. रुमाल गालावरून खाली आला. ते एकेक दाढ निरखत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

"हे तुम्ही केलंत?"

"हो, बाबा. भेग पडली होती. चूक माझीच."

"या हातांनी?"

"हो."

सासरेबुवांचे डोळे पाणावले. "मला माफ करा, जावईबापू. मी तुम्हाला ओळखलंच नाही. अहो, असा हात मी जन्मात बघितला नाही!"

डॉक्टरांनी दवाखान्याच्या खिडकीतून खुर्चीकडे बघितलं. तिथला दिवा लावायचाच बाकी होता.

"चावी द्या," सासरेबुवा म्हणाले.

"चावी? कशाला?"

"बाजारपेठेत जाऊन येतो. आमच्या डॉक्टरांना हे दाखवतो आणि सांगतो, माझी दाढ भरायची तर अश्शी भरा!"