राजाची खुर्ची आणि चहाचा पाट

पिरनवाडीत आमच्या शेजारच्या घरात देव दोन खोल्यांत राहतो, आणि त्या दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर खाट टाकून सॅम्युएल आप्पा झोपतात. डोकं हॉलमध्ये, पाय स्वयंपाकघरात. खाट ओलांडल्याशिवाय त्या घरात पाहुण्याला पाणी मिळत नाही.

हॉलमध्ये खुर्ची आहे. आप्पांनी खानापूरच्या लाकडाच्या वखारीत हयातभर सुतारकी केली आणि शेवटी स्वतःच्या हातानं ही सागवानी खुर्ची घडवली. ती एवढी जड, की आणताना टेम्पोची पुढची चाकं खानापूरपासून इथवर हवेतच होती. पाठ एवढी उंच, की पावसाळ्यात तिच्या टोकाला ढग अडकतो. मी स्वतः एकदा झाडूनं सोडवलाय. ही राजाची खुर्ची. तिच्यावर बसायचं नाही. येणाऱ्यानं चपला काढून आधी तिच्यापुढं उभं राहायचं, मग तोंड उघडायचं. वीजबिलवालासुद्धा उभा राहतो.

स्वयंपाकघरात शेगडीपाशी एक बुटका पाट. तोही देवाचाच. तिथं आप्पा देवाशी गप्पा मारतात. "गुडघा लई दुखतोय बघ." पाटापुढं चहाचा कप ठेवतात, आणि गार झाला की स्वतःच पितात. "त्योच म्हनतोय, वाया घालवू नगो."

मी एकदा म्हटलं, "आप्पा, एकच जागा ठरवा की. देवाला कशाला हेलपाटे?"

"तुला कळायचं न्हाय रं. नुसता खुर्चीफुडं ऱ्हायलास, तर भ्या खाऊन दारातनंच माघारी पळशील. नुसता पाटाजवळ बसलास, तर उद्या त्येच्या खांद्यावर चड्डी वाळत घालशील. म्हनून मी मधी. दोनीकडचं ऐकू येतंय."

मागं चर्चचे नवे पाळकसाहेब भेटीला आले आणि नेमके खुर्चीवर टेकले. आप्पा असे गरजले की संकेश्वरच्या उसातले कावळे उडाले.

"उठा! मांडीवर बसलाय तुम्ही त्येच्या!"

"आप्पा, तो आपला बापच आहे ना? प्रेम करतो तो."

"बाप हाय, मान्य. पर राजा बी हाय. प्रेम करतोय म्हनून काय मिशा वडायच्या त्येच्या?"

पाळकसाहेबांनी पुढचा उपदेश स्वयंपाकघरात, फरशीवर बसून ऐकला. स्वतः करायचा राहूनच गेला.

पण दोन्हीकडचं ऐकणाऱ्या या माणसाचाही एकदा तोल गेला. त्यांची एकुलती एक लेक, रूथ. तिनं न विचारता निपाणीच्या एका पोराशी लग्न केलं आणि दोघं दारात आली. आप्पा खुर्चीशेजारी ताठ उभे.

"आदी राजाफुडं गुडघे टेक. माफी माग. मगच आत."

रूथ बापाचीच लेक. ती म्हणाली, "राजा कुठं काय बोलतोय आप्पा? तुम्हीच बोलताय." आणि पायऱ्या उतरून गेली.

तेव्हापासून आप्पा रस्त्याकडच्या दाराकडं तोंड करून झोपू लागले. हॉलमध्ये तिचं नाव निघत नसे. पण आमच्या खिडकीतून त्यांचं स्वयंपाकघर ऐकू येतं. चहाच्या वेळी हळूच विचारत, "निपाणीकडं गेलतास काय? पोरगी बरी हाय न्हवं?" मग मधूनमधून त्यांचं नुसतं "हं... हं" ऐकू येई. जणू पलीकडून कोणी सावकाश उत्तर देतंय.

यंदाच्या थंडीत एका सकाळी धुकं असं पडलं होतं, की मी माझ्याच दारातून निघून दोनदा माझ्याच दारात पोचलो. हवेत कुठल्यातरी गुऱ्हाळाचा वास तरंगत होता. बायकोनं दिलेल्या आंबोळ्या घेऊन कसाबसा आप्पांच्या घरी शिरलो आणि जागीच थिजलो.

राजाच्या खुर्चीत रूथ झोपली होती. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. मी कानांवर हात ठेवून गर्जनेची वाट पाहू लागलो. गर्जना आलीच नाही. आप्पा खाली फरशीवर बसले होते. लेकीचे पाय मांडीवर घेऊन खोबरेल चोळत होते, लाकडाला पॉलिश करावं तसे, हलक्या हातानं.

"आप्पा, खुर्ची..."

"हळू बोल."

"माफी मागितली तिनं?"

"गुडघे टेकाय लागलीती." आप्पांनी तेलकट मनगटानं डोळे पुसले. "तिचे पाय बघून त्योच उतरला रं खाली. म्हनला, लेकीला बसू दे. मी आत बसतो."

मी आंबोळ्या ठेवायला स्वयंपाकघरात गेलो. ओलांडायला काहीच नव्हतं. खाट भिंतीला उभी केलेली. खिडकीतून धुकं आत येऊन पाटावर टेकलं होतं. समोर कप होता. आप्पा तर लेकीच्या पायांशी बसून हलले नव्हते, पण कप रिकामा होता. रूथनं प्यायला असेल, म्हणाल. असेल.

पण मी हात लावून बघितला. पाट गरम होता.