हेमलताबाईंनी शास्त्रशाखा सोडिली ती हकीकत

श्रीशारदेस दंडवत घालोन, जे पाहिले ते लिहितो. शके एकोणीसशे तीन, ज्येष्ठमास. दहावीचा संग्राम फत्ते जाहला आणि नदीकाठच्या एका विद्याराज्यी मुलांनी प्रवेश केला. राज्याचे प्रांत दोन, एक शास्त्राचा आणि एक कलेचा, मध्ये फरसबंदी चौक. तेथे मंदाकिनीबाई शेवाळे आणि हेमलताबाई निंबकर, लहानपणापासून एका बाकावरील मैत्रिणी, दाखल जाहल्या. मंदाकिनीबाई धीट, विंचू डबीत धरोन वर्गात आणीत. हेमलताबाई हळव्या, इतिहासात लढाई आली की हरलेल्यांची मुलेबाळे कोठे गेली हेच पुसत. प्राचार्यसाहेबांनी स्वभाव पाहोन एकीस शास्त्र, दुसरीस कला सुचविली. परंतु सखी सोडवेना, म्हणोन हेमलताबाईंनीही शास्त्राकडेच कूच केले.

मग श्रावणात बेडूक चिरण्याचा प्रसंग आला. मंदाकिनीबाईंनी सुरी लीलया चालविली, आणि हेमलताबाईंनी सुरी खाली ठेविली, आणि डोळे भरोन त्या बोलिल्या, "काल हा कुठं ओरडत असेल गं?" मुली हसल्या. मंदाकिनीबाई हसल्या नाहीत. तडक प्राचार्यांचे दालनी गेल्या आणि विनंती केली, "सर, हेमाला पलीकडं घ्या. ती माझ्यापायी इथं आलीय."

हे कळताच हेमलताबाईंनी मंदाकिनीबाईंस चौकात गाठले. "मी तुला जड झाले होय?"

"जड नाही गं. तुझे हाल मला बघवत नाहीत."

"मग यापुढं मला हाकही मारू नकोस."

ऐसे बोलोन हेमलताबाई कलेचे प्रांती गेल्या, आणि तेथे इतिहासात ऐशा रमल्या की तास संपला तरी उठेनात. परंतु रमल्याचे सांगावे कोणास? सांगावयाचे माणूस चौकापलीकडे, आणि मध्ये अबोला. मग परीक्षा जाहल्या, आणि वाटा फुटल्या, आणि मंदाकिनीबाई गुरांच्या डॉक्टर जाहल्या आणि हेमलताबाई इतिहास शिकवो लागल्या, आणि ऐशी तीस वर्षे लोटली.

मग एके दुपारी हेमलताबाईंकडे फोन वाजला.

"हेमा, मी मंदा. लेक दहावी झाली. काय आवडतं विचारलं तर माझ्याच तोंडाकडं बघते, मला बरं वाटेल तेच बोलते. तू विचारशील तिला?"

हेमलताबाई बोलिल्या, "पाठव. आणि तूही ये."

तात्पर्य, स्वभाव तैसा विषय हे राज्याचे शास्त्र खरे. परंतु सोळावे वर्षी विषयाहून सोबत थोर वाटत असे. ते वर्ष कोणास फिरोन मिळाले नाही. इतके घडले, इतके लिहिले.