झुंबराबाईंचा एकच प्रश्न

एका जंगलात झुंबराबाई नावाची अस्वलीण राहत होती. सिंह, कोल्हा वगैरे मंडळी त्या जंगलातही होती, पण मुलांनो, त्यांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्यात. आज त्यांना सुट्टी.

एकदा वादळात झुंबराबाईंच्या अंगावर सागाचं झाड पडलं. जीव वाचला, पण मागचे दोन्ही पाय गेले. म्हणजे होते जागच्या जागी, पण हलेनात.

अशा प्राण्यांसाठी जंगलात 'दिव्यपशू सेवा केंद्र' होतं. केंद्राचे प्रमुख बगळेसाहेब. ते दिवसभर एका पायावर उभे राहून काम करत. त्यामुळे अपंगांचं दुःख आपल्याला आतून कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांनी झुंबराबाईंच्या सेवेला मैनावती हत्तीण नेमली. मैनावती मनाने वाईट नव्हती. पण तिच्याकडे वेळापत्रक होतं.

सूर्य उगवला की ती दारात हजर. अस्वलं रात्रभर हिंडतात आणि सकाळी झोपतात, हे काही वेळापत्रकात लिहिलेलं नव्हतं.

"चला, आता आपण आंघोळ करायची ना?"

"नको."

"असं नाही करायचं, बाळा!" म्हणत ती सोंडभर गार पाणी भस्सकन ओतायची.

"बाळा काय म्हणतेस गं? माझी नातवंडं मध काढायला जातात!" झुंबराबाई कुडकुडत ओरडायच्या.

मग जेवण. जेवणात कोवळं गवत. झुंबराबाईंना गवत अजिबात आवडत नव्हतं, पण हत्तिणीला फार आवडायचं.

झुंबराबाईंना हवं होतं एकच. टेकडीमागे एक वारूळ होतं. तिथे जावं, भोकाला तोंड लावावं आणि सुर्रकन वाळवी ओढावी. पाय होते तेव्हा त्या रोज संध्याकाळी जायच्या.

"मी आणून देते ना द्रोणात," मैनावती म्हणायची.

"द्रोणातली नको. मला तिथं जायचंय."

"आणि पडलीस म्हणजे?"

झालं, विषय संपला. झुंबराबाई टेकडीकडे बघत बसायच्या. त्यांना फार वाईट वाटायचं. राग तर त्याहून जास्त यायचा.

शेवटी त्यांनी अर्ज केला. 'मैनावती केंद्राच्या खर्चाने रोज जेवढा बांबू खाते, त्याच्या चौथाईत मी माझा मदतनीस मिळवीन. निवड माझी, वेळ माझी.' बगळेसाहेबांनी पाय बदलला. ते दचकले की असं करत. मग त्यांनी एका पावसाळ्यापुरती परवानगी दिली. हे फसणारच, याची त्यांना खात्री होती.

तिघे उमेदवार आले. झुंबराबाईंनी तिघांना एकच प्रश्न विचारला. "मी नको म्हटलं तर काय कराल?"

"गोड बोलून पटवीन," माकडीण म्हणाली.

"साहेबांच्या कानावर घालीन," नीलगाय म्हणाली.

तिसरा ढेकळ्या रानडुक्कर. अंगभर चिखल. प्रशिक्षण शून्य. तो म्हणाला, "थांबंन की. दुसरं काय करनार?" आणि जरा वेळाने त्यानेच विचारलं, "बाई, तुमाला जायाचं कुटं हाय?"

हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी ढेकळ्याने ताडाची एक भलीमोठी झावळी आणली. झुंबराबाई तिच्यावर बसल्या. देठ तोंडात धरून ढेकळ्या ओढत निघाला. वारुळाशी पोचल्यावर झुंबराबाईंनी तोंड लावलं आणि सुर्रकन ओढलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. वाळवी नाकात गेली, असं त्यांनी ढेकळ्याला सांगितलं. त्यानेही जास्त चौकशी केली नाही.

एकदा उतारावर झावळी उलटली आणि दोघे करवंदाच्या जाळीत गेले. बाईंच्या कपाळावर टेंगूळ आलं. झुंबराबाई तीन दिवस ते सगळ्यांना कौतुकाने दाखवत होत्या.

पावसाळा संपला. बगळेसाहेब शंभर प्रश्नांचा तक्ता घेऊन तपासणीला आले. झुंबराबाईंच्या समोर उभे राहून त्यांनी ढेकळ्याला विचारलं, "बाईंची भूक कशी आहे?"

"त्यास्नी इचारा."

"झोप लागते का त्यांना?"

"आवं सायेब, त्या हितंच बसल्यात. इचारा की!"

साहेबांनी लिहिलं: 'मदतनीस माहिती देण्यास टाळाटाळ करतो.' पुढे लिहिलं: 'केंद्राच्या काळात पडण्याचे प्रकार शून्य. आता एक.'

पण बाकीचं लपवणार कसं? एका जागी पडून पडून झुंबराबाईंच्या पाठीला झालेल्या जखमा भरल्या होत्या. केस चमकत होते. आवाज तर टेकडीपलीकडे जात होता. शिवाय बांबूचं आख्खं बेट शिल्लक राहिलं होतं. ते आता कागदावर दाखवायचं कुठे, या काळजीने साहेबांनी चार वेळा पाय बदलला.

हे झालं कशामुळे? केंद्राच्या समितीने खूप विचार केला आणि शोध लावला. रानडुक्कर! गुण रानडुकरातच आहे.

ताबडतोब 'आपला मदतनीस आपण निवडा' योजना जाहीर झाली. प्रत्येकाने आपल्या मर्जीने रानडुक्कर निवडायचं होतं. आंधळ्या घुबडाला झाडावर राहायचं होतं. त्यालाही रानडुक्कर मिळालं. ते झाडाखाली उभं राहून त्याला हाका मारायचं.

ढेकळ्याला बढती मिळाली. तो केंद्रात प्रशिक्षक झाला. झुंबराबाईंना मात्र कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला आणि दारात मैनावती.

"चला, आता आपण आंघोळ..."

केंद्रात ढेकळ्यासमोर चाळीस रानडुकरं बसली होती. तो म्हणाला, "त्यांनी नको म्हनलं की थांबायचं. संपलं."

"पण वर्ग तीन महिन्यांचा आहे!" बगळेसाहेब म्हणाले. "उरलेले दिवस काय शिकवणार?"

"काय बी न्हाई."

"मग समजूत कशी काढावी, ते शिकवा."

ढेकळ्याने नकाराची मान हलवली आणि तो वर्गातून चालू लागला. तो झुंबराबाईंकडे पोचला तेव्हा मैनावती सोंड भरून उभी होती.

"नको!" झुंबराबाई ओरडल्या.

"असं नाही करायचं, बा..."

"आवं, बाई नको म्हनत्यात," ढेकळ्या म्हणाला. एवढंच म्हणाला.

मैनावती थांबली. सोंडेतलं पाणी तिने हळूच जमिनीवर सोडलं. मग जरा लाजत तिने विचारलं, "मग काय हवंय हो तुम्हाला, झुंबराबाई?"

झुंबराबाईंनी सांगितलं. खूप वेळ सांगत होत्या. मैनावतीने सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिची बदली झाली.

केंद्राच्या अहवालात शेवटची ओळ अशी आहे: 'प्रयोग अयशस्वी. मदतनीस पळाला.' कुठे पळाला, ते लिहिलेलं नाही. पण संध्याकाळी त्या टेकडीवर गेलात तर झावळी घासून घासून पडलेली एक वाट दिसेल. ती थेट वारुळाशी जाते.

तात्पर्य : ज्याला मदत करायची, त्याला काय हवं ते चुकूनही विचारू नये. तो सांगतो. मग ते स्वस्तात होतं, तो सुखी होतो, आणि आपल्याला करायला काहीच उरत नाही.