नेरकरांचा बोलका कीबोर्ड

कीबोर्ड विकत घेताना तो कानाला लावून बघणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच असेल, आणि तो माझ्या भिंतीपलीकडे राहतो. नेरकर त्यांचं नाव. आपण टरबूज घेताना टिचकी मारून कान लावतो ना, अगदी तसं. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "काका, काय ऐकताय?" तर म्हणतात कसे, "जीव आहे का ते बघतो."

हा माणूस तुम्हाला नीट सांगितला पाहिजे. मी चौथीत शाळा सोडली आणि पुढे उभी हयात देवळा ते पिंपळगाव कांद्याचा टेम्पो चालवला. वजन, रस्ता आणि माणूस ओळखायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. नेरकर म्हणाले होते, "आबा, तुम्ही सांगा, मी टाइप करून देतो." मी म्हटलं, "नको. तुम्ही त्यात सदरहू घालाल." म्हणून पेनाने लिहितोय.

सदरहूचं असं आहे की नेरकरांचा जन्म गेला प्रतिज्ञापत्रं, संमतीपत्रं, वाटण्यांचे कागद टाइप करण्यात. आधी कोर्टाच्या गेटबाहेर छत्रीखाली बसायचे, मग पंचवटीत घरीच, पुढच्या खोलीत. ती भाषा बोटांतून चढत चढत तोंडात गेली. भाजीबाजारात मेथीची जुडी उचलून विचारणार, "सदरहू मेथी आजचीच आहे, असं तुम्ही सत्यप्रतिज्ञेवर सांगता का?" भाजीवाली म्हणते, "घ्यायची तर घ्या काका, नायतर दुसऱ्या गिऱ्हाईकाला जागा सोडा." जेवताना पोळी मागायची तर, "मी राजीखुशीने, कुणाच्याही दबावाला बळी न पडता, अजून अर्धी घेतो." विमलवहिनी, म्हणजे त्यांची बायको, ऐकून न ऐकल्यासारखं करतात आणि पूर्ण वाढतात.

पूर्वी त्यांच्याकडे टाइपरायटर होता. लोखंडी, म्हशीएवढा. दिवसभर खडखड, खडखड, खडखड, आणि ओळ संपली की टिंग. आमची भिंत एकच. मी जेवून आडवा झालो, डोळा लागायला आला, की टिंग. मी भिंतीवर मूठ आपटायचो. पलीकडून नेरकर ओरडायचे, "हरकत नोंदवली!" आणि पुन्हा खडखड.

मध्ये एकदा त्यांच्या छातीत कळ आली आणि त्यांनी त्या मशीनवरच मान टाकली. वहिनींनी हाक मारली, मी आडवा जाऊन रिक्षा थांबवली, दवाखान्यात पोचवलं, म्हणून वाचले. हे मी कधी कुणाला बोलून दाखवत नाही. बरे होऊन आले ते थेट मशीनवरच जाऊन बसले.

पण मशीनही शेवटी म्हातारं झालं. त्याचा कुठलासा दांडा तुटला आणि तो कुठे मिळेना. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाने येऊन कॉम्प्युटर बसवून दिला. त्याच्याबरोबर नेहमीचा असतो तसा कीबोर्ड आला. सपाट, काळा, गरीब. दाबला तर आवाज नाही. नेरकर त्याच्याकडे बिनमिठाच्या वरणाकडे बघावं तसे बघायचे. "आबा, हा दाबला तरी गप्प आणि नाही दाबला तरी गप्प. बोटाला उत्तर मिळालं पाहिजे."

मी म्हटलं, "कशाला पाहिजे उत्तर? बोट काय प्रश्न विचारतं का?"

माझी तर दिवाळी झाली. दुपारी असा झोपायला लागलो की आमची सून एकदा नाकापुढे हात धरून माझा श्वास बघून गेली.

नेरकरांकडे मात्र काहीतरी बिघडलं. वहिनी सारख्या पडद्याआडून डोकवायला लागल्या. कधी हातात चहा, कधी पाणी, कधी नुसत्याच. गिऱ्हाईक बसलेलं असायचं, पडदा हलायचा, वहिनींचा अर्धा चेहरा दिसायचा आणि परत जायचा. एका वकिलाचा कारकून मला म्हणाला, "आबा, काका कॉम्प्युटरवर पत्ते खेळतात असा वहिनींना संशय आहे वाटतं." मलाही तसंच वाटलं. वहिनी मात्र उतरत चालल्या. डोळे आत गेले. एकदा तर आमच्या ओट्यावर मटार सोलता सोलता बसल्या जागी झोपल्या, शेंग हातात तशीच.

त्याच्या दुसऱ्या दिवशी नेरकर सकाळीच दारात. "आबा, चला, एमजी रोडला. कीबोर्ड घ्यायचाय. वाजणारा."

मी गेलो. स्कूटर मीच चालवली, कारण माझ्या मागे माणसं बसतात, मी कुणाच्या मागे बसत नाही. आणि मनात होतं की आपण बरोबर असलो तर मुकाच घ्यायला लावू. दुपारच्या झोपेचा प्रश्न होता.

दुकानातल्या बाईंनी आधी साधाच काढला. "काका, सगळे ऑफिसवाले हाच नेतात. बिलकूल आवाज नाही."

"मुका आहे म्हणा की."

"मुका नाही हो. सायलेंट."

मी लगेच पुढे झालो. "नेरकर, हाच घ्या. हलका हाय, स्वस्त हाय, चहा सांडला तर फडक्याने पुसता येतो."

नेरकरांनी चष्मा पुसला. "सदरहू सल्ला वाचून पाहिला, समजला, आणि नामंजूर."

मग बाईंनी मेकॅनिकल म्हणून असतात ते काढले. त्याच्या प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग असते म्हणे. स्प्रिंग म्हटल्यावर मलाही जरा इज्जत वाटली. त्यात पुन्हा बटणाखालच्या स्विचच्या रंगावरून लाल, तपकिरी आणि निळा असे तीन स्वभाव. नेरकरांनी कान टेकवला आणि तिन्ही वाजवून बघितले. लाल वाजवून म्हणाले, "हा कुजबुजतो." तपकिरी वाजवून म्हणाले, "हा बोलतो, पण सासऱ्यासमोर बोलल्यासारखा." मग निळा दाबला. टक! पुन्हा दाबला. टक! नेरकरांचा चेहरा असा झाला, जणू नातवाने पहिला शब्द काढला.

मग त्यांनी किंमत विचारली, आणि कीबोर्ड तापल्या तव्यासारखा खाली ठेवला.

"नामंजूर ना?" मी म्हटलं. "चला."

पण त्या बाई कसल्या सोडतात! स्टुलावर चढल्या आणि वरच्या फळीवरून धुळीचं खोकं काढलं. "हा घ्या. कंपनी कुणी ऐकलेली नाही, पण आत निळेच स्विच. उजवीकडची आकड्यांची बटणं नाहीत, म्हणून स्वस्त. आणि दिवे आहेत."

"दिवे नकोत."

"बंद होत नाहीत, काका."

नेरकरांनी वाजवून बघितला. टक, टक, टकाटक. तोच आवाज, थोडा डब्यात गोट्या घातल्यासारखा. मी त्यांच्या पाठीमागून बाईंना हातवारे करत होतो की देऊ नका, देऊ नका. बाई मोठ्याने म्हणाल्या, "पण काका, घरी कुणाला त्रास नाही ना होणार आवाजाचा?"

नेरकरांनी माझ्याकडे बघितलं. "घरी नाही. शेजारी आहेत एक, ते सहन करतील."

"कोण म्हणतं?" मी विचारलं. पण खोकं बांधून झालं होतं.

त्या दिव्यांनी पहिल्याच आठवड्यात काम दाखवलं. हिरवे, जांभळे, लाल, बटण दाबलं की इकडून तिकडे पळायचे. पिंपळगावकडचे चार भाऊ वाटणीचा कागद करायला आले होते. एकमेकांकडे पाठ करून बसलेले. नेरकरांनी टाइप करायला सुरुवात केली तसे चौघे हळूहळू वळले आणि मिरवणुकीतला बँड बघावा तसे दिवे बघत बसले. थोरला म्हणाला, "काका, ते आमच्या आईचं नाव पुन्हा एकदा मारा ना, जांभळं लय भारी पळालं."

आणि माझी झोप गेली. टाइपरायटर परवडला, त्याला निदान वय झालेलं होतं. हा तरणा. मी भिंतीवर मूठ आपटली, मग वरवंटा आपटला, मग रेडिओ भिंतीला टेकवून लावला. नेरकर तसा समजुतीचा माणूस. मी म्हटलं सकाळी माझी पूजा असते, तर सकाळी बंद ठेवायचे. सूनबाई म्हणाली सातला मालिका असते, तेव्हाही बंद. पण दुपारचं म्हटलं की मान हलायची नाही. "आबा, दुपार सोडून काहीही मागा."

"दुपारीच तर मला पाहिजे!"

"मलाही दुपारीच पाहिजे."

एका दुपारी माझं डोकं फिरलं. उन्हाने रस्ता ओस पडलेला, कुत्रीसुद्धा रिक्षाखाली. अशा वेळी कोण गिऱ्हाईक येतंय? तरी पलीकडे टकाटक, टकाटक. चपला न घालता गेलो. खिडकीतून बघतो तर खोलीत कुणी नाही. टेबलावर कागद नाही. नेरकर बनियनवर एकटेच, आतल्या दाराच्या पडद्याकडे बघत टाइप करतायत. मी आत जाऊन पडद्यावर, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर, बघितलं. वरपासून खालपर्यंत एकच: लिहून देतो ऐसा जे, लिहून देतो ऐसा जे, लिहून देतो ऐसा जे.

"नेरकर!" मी गरजलो. "येड लागलं का?"

त्यांना ओठांवर बोट ठेवायचं होतं, पण बोटं मोकळी नव्हती. म्हणून त्यांनी डोळे एवढे मोठे केले आणि फुसफुसले, "हळू! ती झोपलीय!"

आता सांगा. हाताखाली गोफणगुंडे चालू आहेत आणि हा माणूस मला सांगतोय हळू बोला.

"तुमच्या या टकाटकीत?" मी विचारलं. पण का कोण जाणे, मीही फुसफुसत विचारलं.

"टकाटकीतच," नेरकर म्हणाले. हात चालूच. "त्या दिवशी मी मशीनवर पडलो ना आबा, तेव्हा ती आत कुकर लावत होती. मशीन थांबलं आणि टिंग झालं नाही, म्हणून ती बाहेर आली. तेव्हापासून तिचा कान इथे. आवाज चालू म्हणजे मी चालू. रात्री मी घोरत नाही, ही पंचाईत. रात्रभर ती श्वास ऐकत पडते. दुपारी मशीन चाललं की तेवढाच तिचा डोळा लागायचा. तो मुका आला आणि तेही गेलं. सारखी उठून बघायची, चहाचं निमित्त करून. किती चहा प्यायलो मी, विचारू नका."

 टेम्पो हातात यायच्या आधी मी ट्रकवर क्लीनर होतो. चांदवडच्या घाटात इंजिन बोंब मारत असायचं आणि मी फळीवर गाढ झोपायचो. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं की त्या शांततेत खाडकन जागा व्हायचो, काय झालं म्हणून. मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"मग आधी सांगायचं ना मला," मी म्हटलं.

"काय सांगू? तुम्ही गल्लीभर केलं असतं."

मी पळत्या दिव्यांकडे बघायला लागलो.

नेरकर खुर्चीत चुळबुळ करायला लागले. "आबा, एक विनंतीअर्ज आहे."

"बोला."

"मला केव्हाची लघवीला लागलीय."

चालत्या टेम्पोत ड्रायव्हर बदलतात, ते मी तरुणपणी केलेलं आहे. तसंच केलं. ते डावीकडे सरकले, मी उजवीकडून बूड टेकवलं, त्यांचं बोट उठलं आणि माझं पडलं. मध्ये गॅप नाही. नेरकर बनियन सावरत पळाले.

आता मारायचं काय? इंग्रजी अक्षरं मला नंबरप्लेटीपुरती येतात. म्हणून माझ्या टेम्पोचा नंबर मारायला लागलो. एमएच पंधरापासून शेवटपर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. समोर मराठीत भलतंच काहीतरी उमटत होतं. दिवे पळत होते. बोट खाली गेलं की टक यायचं. दर वेळेला यायचं. खरं सांगतो, वाईट वाटत नव्हतं.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला. "भाऊजी."

माझं बोट हवेत थांबलं.

"थांबू नका," वहिनी म्हणाल्या. मी पुन्हा सुरू केलं. "ते कुठे गेले?"

"बाथरूमला."

"बरे आहेत ना?"

"ठणठणीत. पळत गेले."

आत खाट करकरली. मग झोपेतल्यासारखा आवाज आला. "मग वाजवा तुम्ही. पण मध्ये जरा श्वास घ्या हो. ते घेतात, ओळ संपली की."

मी एमएच पंधरा मारलं, श्वास घेतला. पुन्हा मारलं, पुन्हा घेतला. थोड्या वेळाने आतून बारीक घोरणं यायला लागलं. वहिनी घोरतात हे नेरकर मला कधी बोलले नव्हते.

नेरकर हात पुसत दारात येऊन उभे होते. कधीपासून उभे होते ठाऊक नाही. पडद्याकडे बघत होते. तोंड उघडलं, पण आयुष्यभर टाइप केलेल्यातला एकही शब्द त्यांना सापडला नाही. टॉवेल तसाच हातात.

खुर्चीवरून मी उठलो नाही. "बसा तिकडं," मी म्हटलं. "सदरहू बाई झोपल्या हायेत."

माझी तक्रार मी मागे घेतलेली नाही. आवाज फार आहे आणि दिवे तर भिकार आहेत, हे मी अजूनही कुणालाही सांगतो. दुपारी जेवून आडवा होतो, पलीकडे टकाटक सुरू होते, आणि आता त्यात डोळा लागतो, त्याला माझा इलाज नाही. फक्त मध्येच ती थांबली की मला खाडकन जाग येते. उठून बसतो. भिंतीवर मूठ आपटतो.

पलीकडून टक, टक येतं. मग मी कूस बदलतो.