गोगटेकाकांची सिडोनी

न्यू लिनच्या सुपरमार्केटात गोगटेकाका आधी काउंटरवालीच्या नावाची पट्टी वाचतात, मग दूध घेतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला घामच फुटला. साठी उलटलेला माणूस, चष्मा कपाळावर, वाकून वाचतोय!

"एक्स्क्यूज मी, सिडोनी?"

"नो, ट्रेसी."

"अरेरे!" जणू ट्रेसीच्या घरात कोणी गेलंय.

दोन हजार चौदात मी बार्शीहून इथं परदेशात येऊन थेट त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिलो. आल्या आल्या काकांनी सिडोनी या नावाची वही उघडली. "सायडन म्हणजे लेबनॉनमधलं जुनं बंदर. तिथला तो लॅटिनमध्ये सिडोनियस. त्याचं बाईमाणसाचं फ्रेंच रूप सिडोनी! आता फ्रान्समध्येसुद्धा आज्यांपुरतं उरलंय रे!" हे सगळं फ्रेंच थाटात, नाकातून. मी त्यांची नक्कल करायचो, तर काकी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "झालं का तुमचं सुरू?"

या शोधाचं कारण ऐकून मी गारच पडलो. काकी म्हणाल्या, "लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितात ना? ह्यांनी सिडोनी लिहिलं! भटजी वाचताना अडखळले. मी सरळ हातानं पुसलं. तेव्हापासून विचारतेय, कोण ही भवानी?"

"अगं, फ्रेंचच्या क्लासच्या पुस्तकातलं नाव! आवडलं, लिहिलं!"

"पुस्तकातल्या बाईसाठी कोणी वही ठेवतं?"

काकांना एक खरी सिडोनी हवी होती, काकींसमोर उभी करायला. ती आपल्याला ओळखत नाही हे तिच्याच तोंडून ऐकवून पस्तीस वर्षांचा संशय फिटावा म्हणून.

आणि ती मला सापडली! हेन्डरसनच्या बाजारात, न्यू कॅलेडोनिया या फ्रेंच बेटावरची सत्तरीची आजी, पाटीवर स्वतःचं नाव लिहून कोथिंबीर विकत होती. माझ्या हातातली जुडीच पडली. किस्सा ऐकून हसत सुटली, आणि रविवारी चक्क चहाला आली.

काकींनी तिला नखशिखांत न्याहाळलं.

"विचार, विचार! ओळखते का मला!" काका काकींच्या मागे लागले.

"आयुष्यात पहिल्यांदा बघतेय," आजी इंग्रजीत म्हणाली. काकी खुदकन हसल्या. सुटलो, म्हटलं मी.

तेवढ्यात आजीनं काकांना विचारलं, "मग बायकोला हाक काय मारता?"

काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. मग म्हणाले, "अगं म्हणतो."

"पण नाव?"

काका कार्पेटकडे बघत राहिले. "कुसुम," ते म्हणाले. नाकातून नाही, घशातून. मग मराठीत, काकींना, "तू ते तांदूळ इतक्या झटकन पुसलेस... मला वाटलं, माझ्या तोंडून तुला कुठलंच नाव नकोय."

काकी चहा गाळत होत्या. कप भरून चहा बशीत, बशीतून टेबलावर आला. मी बघत होतो, पण सांगवेना.