सूर्यभानजींच्या वावरात लुइझियाना

धर्मपाल सरांचा नकाशा फळ्यावर मावला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सर भातकुलीच्या शाळेत इतिहास शिकवत आणि फळा त्यांना नेहमीच अपुरा पडे. शनिवारी दुपारी शिक्षण विभागाच्या मॅडम शाळेचे उपक्रम पाहायला येणार होत्या. अमेरिका हा नवाकोरा देश असताना त्यानं १८०३ साली फ्रान्सकडून लुइझियाना नावाचा अवाढव्य मुलूख विकत घेतला आणि पुढं शंभरेक वर्षांत त्यातून एकेक राज्य पाडलं. तो अख्खा मुलूख सरांना जमिनीवर काढायचा होता आणि राज्याराज्यांत नववीची पोरं उभी करायची होती.

शाळेचं पटांगण त्याला पुरेना. रस्त्यापलीकडं सूर्यभानजींचं वावर तुरी निघाल्यावर मोकळं पडलं होतं. सरांनी विचारलं, सूर्यभानजींनी खुशाल घ्या म्हटलं, आणि शनिवारी सकाळी ते मोटारपंप दुरुस्त करायला अमरावतीला निघून गेले.

पोरांनी दोन तासांत चुन्याच्या फक्कीनं वावर आखून काढलं. रस्त्याच्या कडेनं मिसिसिपी नदी, पलीकडच्या बांधाला रॉकी पर्वत, मधे पंधरा राज्यं, काही अख्खी, काही तुकड्यानं. प्रत्येकात एक पाटी ठोकली: राज्याचं नाव आणि ते राज्य झालं ते वर्ष. मिसुरी १८२१. आयोवा १८४६. कॅन्सस १८६१. सर बांधावर उभे राहून बघत होते आणि त्यांना आनंदानं हसू फुटत होतं.

रस्त्यावरून जाणाऱ्याला मात्र पांढऱ्या रेघा दिसल्या, खुंट्या दिसल्या आणि चौरस फूट दिसले. सूर्यभानजींनी लेआउट पाडलं, नावंही अमरावतीच्या कॉलन्यांसारखी झ्याक ठेवली, ही बातमी दहाच्या आत चहाच्या टपरीवर पोचली. तिथं नत्थुजी बसले होते. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते अमरावतीच्या आसपास प्लॉट शोधत होते आणि त्यांच्या स्कूटरच्या डिकीत मोजायचा टेप कायम असे.

खिशाला पेन लावलेला तो गंभीर माणूस थेट लुइझियानात शिरून टेप सोडू लागला, तेव्हा सरांना वाटलं, मॅडमनी पुढं पाठवलेला माणूस असावा. ते धावतच गेले. नत्थुजींना ते वावर विकत घेणारे बिल्डर वाटले.

"हे सारं घेतलं कोनाकडून?" नत्थुजींनी विचारलं.

"मालकाला पैशाची निकड होती," सर उत्साहानं म्हणाले. "लढाई तोंडावर आली होती. म्हणून अख्खंच्या अख्खं मातीमोल देऊन टाकलं."

लढाई म्हणजे कोर्टाचीच, हे नत्थुजींनी ताडलं. बिचारे सूर्यभानजी.

"कागद पक्के आहेत ना?"

"करार पक्का. पण गंमत सांगू? हद्द नेमकी कुठं, ते घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, देणाऱ्यालाही नव्हतं. आणि तिथं राहत होते त्यांना तर कुणी विचारलंच नाही."

नत्थुजी चपापले. घरच्यांची सही नसलेला प्लॉट त्यांनी पूर्वी एकदा घेता घेता सोडला होता. ते तडक सूर्यभानजींच्या घरी गेले आणि वावर विकायला तुमची संमती आहे ना, असं त्यांनी सूर्यभानजींच्या पत्नीला, कौशल्याबाईंना, अदबीनं विचारलं.

कौशल्याबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. आधी अकोल्याला जठारपेठेत राहणाऱ्या दिराला, किशोरला, फोन लावला; वावरात त्याचाही हिस्सा होता. मग त्या नत्थुजींच्या मागोमाग वावरात आल्या आणि बरोब्बर मधोमध, कॅन्ससमध्ये, मांडी घालून बसल्या. मालक येईपर्यंत उठणार नाही म्हणाल्या. किशोर बाराच्या सुमाराला सातबारा घेऊनच उतरला. त्याच्या हिशेबानं बांधाकडचा भाग त्याचा होता. त्यामुळं मोंटाना, वायोमिंग आणि कोलोरॅडोचा तुकडा त्याच्या नावावर निघाला आणि तिथली पोरं त्यानं बाहेर काढली.

सर घामाघूम झाले. कौशल्याबाईंसमोर उकिडवं बसून त्यांनी १८०३ पासून सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे इकणाऱ्यानं इकलं, घेणाऱ्यानं घेतलं," त्या म्हणाल्या. "राह्यणाऱ्याले कोनी इचारलं नाही."

"नाही ना. उलट हाकलत हाकलत नेलं त्यांना."

"अन् वावरात रेघा मारतानी तुमी मले इचारलं होतं, सर?"

तेवढ्यात मॅडमची गाडी आली.

मॅडमनी बांधावरून पाहिलं. लुइझियानात एक गृहस्थ टेपनं जमीन मोजतो आहे. रॉकी पर्वताशी दुसरा कागद फडकावतो आहे. पोरं भेदरून आपापल्या राज्यात उभी आहेत आणि मधोमध एक बाई जमिनीवर ठाण मांडून बसली आहे. त्या सरळ बाईंकडं गेल्या आणि तुम्ही कोण, असं विचारलं.

"मी पयलेपासूनची इथलीच," कौशल्याबाई म्हणाल्या. "याईनं मले न इचारता माह्या जमिनीचे तुकडे पाडले."

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. पोरांनीही वाजवल्या. एवढ्या वर्षांत नकाशे पुष्कळ पाहिले, पण मूळ रहिवाशांना कुणी नकाशात बसवलं नव्हतं, असं त्या भारावून म्हणाल्या आणि उपक्रमाची निवड जिल्ह्यासाठी झाल्याचं त्यांनी तिथंच सांगून टाकलं. खुलासा न करता सरांनी आभार मानले. नत्थुजींचा अभिनय मॅडमना जरा कमी पडला.

सूर्यभानजी पंप घेऊन परतले, तर बायको मॅडमबरोबर फोटो काढत होती. वावर जागेवर आहे, एवढं त्यांनी पाहून घेतलं.

संध्याकाळी सर पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. या वेळी सूर्यभानजींपाशी न थांबता ते कौशल्याबाईंसमोर उभे राहिले. जिल्ह्यासाठी नवा नकाशा काढायचा आहे, वावर देता का, म्हणाले.

"आता कोनता मुलूख?"

"आपलाच. वऱ्हाड. निजामानं इंग्रजांच्या हवाली केला तो."

"तवा आपल्याले इचारलं होतं कोनी?"

सरांनी खाली पाहून नकारार्थी मान हलवली.

कौशल्याबाईंनी एक पेढा उचलला. "मंग मले सकाऊनच आवाज द्या," त्या म्हणाल्या. "मी येऊन बसतो."