डिगरीवाले तुळशीरामजी

दवनीवाड्याच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू व्हायला आलो, तेव्हा ओसरीवर बसलेल्या एका गृहस्थांना शाळेची वाट विचारली. त्यांनी कनवटीचं होकायंत्र काढलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "उजवीकडे वळा. शून्य-सात-शून्य."

मी मान हलवून निघालो.

"थांबा जी! मुंडी काय हालवून राहिले? म्हनून दाखवा!"

"उजवीकडे, शून्य-सात-शून्य," मी म्हणालो. नोकरीचा पहिला दिवस, वाद कशाला!

हे तुळशीरामजी. लढाईच्या वर्षांत ते हवाई दलात रडारवर होते. अंधाऱ्या खोलीत बसून पडद्यावर विमानाचा ठिपका बघायचा आणि ढगात सापडलेल्या पायलटनं कुठं तोंड करायचं ते डिगरीत, म्हणजे अंशांच्या आकड्यांत सांगायचं, हे त्यांचं काम. पूर्व म्हणजे शून्य-नऊ-शून्य, दक्षिण एक-आठ-शून्य, पश्चिम दोन-सात-शून्य. घोटाळा नको म्हणून पायलटनं आकडा परत म्हणायचा. नोकरी संपली, तुळशीरामजी घरच्या धानाच्या शेतीवर आले. पण डोक्यातलं रडार काही बंद झालं नाही. नुसतं "तिकडं" म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी साफ वाया गेलेला.

नांगराचा डावा बैल आत ओढायचा. दुसऱ्या कुणी कासरा खेचला असता. हे गड्याला म्हणत, "आडवा वारा हाये समज. पाच डिगरी जास्त धर." गड्यानं एकदा दुकानात जाऊन पाच डिगरी मागितल्या म्हणे. मला ते खरं वाटतं.

माघातल्या एका सकाळी धुकं असं दाटलं की हाताला हात दिसेना. वऱ्हाडाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, अडकल्या. तुळशीरामजींचा जीव सुपाएवढा झाला. त्यांनी पहिल्या बंडीवाल्याला आकडा दिला, त्यानं तो खणखणीत परत म्हटला आणि वऱ्हाड निघालं. धुकं विरलं तेव्हा सगळ्या बंड्या त्या बंडीवाल्याच्याच गोठ्यापुढं उभ्या!

"मी तं बरोबर म्हनलो जी," तो म्हणाला. "बैल कुठी म्हनले?"

तुळशीरामजींनी विचार केला. "खरं हाये. चूक माहीच. बैलाकडून म्हनून घ्याले पायजे होतं."

मुहूर्त टळला. नवरीचा बाप वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही.

त्यांची बायको पार्वताबाई. काचबिंदूनं तिची नजर गेली आणि नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले. गल्लीच्या टोकाला तिच्या बहिणीचं घर, रोजची ऊठबस. पण कुणाचा हात धरून जायला ती तयार नव्हती. "मी का लहान पोरगी हावो?" असं म्हणून तीन महिने तिनं उंबरा ओलांडला नाही. पुढं पुढं बोलायचीही थांबली. तुळशीरामजी निम्मे झाले होते.

आणि एका दुपारी बघतो तर पार्वताबाई ताठ मानेनं एकटी गल्लीतून चाललेली. मागं दहा पावलांवर तुळशीरामजी.

"डावीकडे पाच डिगरी. बरोबर. समोर म्हैस. उजवीकडे दहा. आता सरळ."

"अहो, हात धरा ना," मी हळूच म्हणालो.

"हात धरला तं ते आंधरी, गुरुजी. डिगरी सांगतली तं पायलट." त्यांची नजर तिच्यावरून हलली नाही. "आता माह्याशी बोलू नका. इमान उतरताना शेवटच्या टप्प्यात पाच सेकंद आवाज नाई आला, तं पायलटले वाटते मांगं कोनी नाई."

दार आठ-दहा पावलांवर आलं. बहिणीनं तिला पाहिलं आणि आतल्यांना हाक मारली, "बाई आली वं! आपल्या पायानं आली!" पार्वताबाईची पावलं भराभर पडू लागली, आणि तुळशीरामजी बघतच राहिले. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. एक, दोन, तीन. पाच सेकंद होऊन गेले.

ती जागच्या जागी थबकली. हात मागं चाचपू लागला.

"काऊन गप झाले जी?" तिनं विचारलं. "बोला नं!"

तुळशीरामजींनी दुपट्ट्यानं डोळे पुसले.

"सरळ," ते कसेबसे म्हणाले. "सरळ चाल. मी हावो मांगं."